स्थलांतरितांची मोजदाद



या व्यासपीठावरून आजवर झालेली विद्वानांची व्याख्याने आम्ही समोरच्या सतरंजीवर बसून ऐकली. यंदा चिटणीसांनी आम्हालाच येथे उभे केले आहे, आणि विषय असा दिला आहे की तो खरे म्हणजे एखाद्या प्राध्यापकाने बोलावा : स्थलांतर, विकास आणि स्वयंसेवा यांवरचे संशोधन. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते आपल्या गावच्या वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा संशोधन कसे करावे हे सांगण्याचा अधिकार आम्हास नाही. परंतु संशोधक ज्यांना प्रश्न विचारतात त्या माणसांत, म्हणजे ऊसतोडणी कामगारांत आणि नाक्यावरच्या मजुरांत, आमची तीस वर्षे गेली. एकाने विचारले आणि दुसऱ्याने उत्तर दिले, एवढ्या अवधीत काय काय घडते ते आम्ही जवळून पाहिले आहे. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची एक हकीकत प्रथम सांगतो. एका मोठ्या संस्थेकडून एक तरुण संशोधक येथे आले. त्यांना साखर कारखान्याच्या तळावरील तोडणी कामगारांची पाहणी करावयाची होती. माणूस सज्जन, कोपीत वाकून शिरणारा, पोत्यावर बसून चहा घेणारा. आम्ही त्यांच्याबरोबर नऊ दिवस हिंडलो. त्यांच्यापाशी छापील प्रश्नावली होती आणि तीत 'उचल किती घेतली?' असा एक प्रश्न होता. उचल म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहेच. बीडकडच्या एका कामगाराने उत्तर देण्यापूर्वी मान वळवून पाहिले, कारण मुकादम चार पावलांवर उभा होता. आणि मग त्याने "पंधरा हजार" असे सांगितले. ते तक्त्यात गेले. रात्री तोच माणूस शेकोटीपाशी आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, सायबाला पंधरा सांगितले खरे, पण हातात अकराच आले. बाकीचे मागच्या सालच्या बाकीत वळते केले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने संशोधक परत गेले. ही गोष्ट त्यांना पत्राने कळवावी असे आमच्या मनात आले होते. ते पत्र आम्ही लिहिले नाही. काही वर्षांनी त्यांचा अहवाल हाती पडला, त्यात उचलीची सरासरी दिली होती, आणि त्या सरासरीत आमच्या माणसाचे पंधरा हजारही कोठेतरी मिसळलेले होते. मुकादमाचा धाक जसा या चुकीला कारण झाला, तसे आमचे न लिहिलेले पत्रही झाले. संशोधकांविषयी पुढे जे बोलावयाचे आहे त्याच्या आधी हे कबूल करणे भाग आहे. आणखी एक गोष्ट आम्हास त्या वेळी सुचलीच नाही. त्या माणसाची बायको तेथेच चुलीपाशी बसली होती. तिला कोणी काहीच विचारले नाही. प्रश्नावलीत 'कुटुंबप्रमुख' एवढाच रकाना होता.

स्थलांतराचे शास्त्र तसे जुने आहे. १८८५ साली राव्हेन्स्टाइन नावाच्या गृहस्थांनी लंडनच्या संख्याशास्त्र मंडळापुढे ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे 'नियम' मांडले. त्यांपैकी एक असा की, स्वदेशातल्या स्वदेशात स्त्रिया पुरुषांहून अधिक स्थलांतर करतात. त्यानंतर पाऊणशे वर्षे बहुतेक पंडितांनी हा नियम विसरून पुरुषांचाच विचार केला, ही मौजेची गोष्ट आहे. १९५४ साली आर्थर लुईस यांनी असे प्रतिपादन केले की, शेतीवर गरजेहून अधिक माणसे खपत आहेत, त्यांना कारखानदारी ओढून घेईल आणि त्यातून गरीब देशाचा विकास होईल. १९७० साली हॅरिस आणि टोडॅरो या दोघांनी त्यात भर घातली, ती अशी : माणूस शहरातली नुसती मजुरी पाहत नाही, ती हाती पडण्याचा संभव किती हेही पाहतो; म्हणूनच शहरात बेकारी असतानाही तो येत राहतो. हे वाचले तेव्हा आम्हास थोडे हसू आले. आमच्या नाक्यावरचा अंगठाबहाद्दर मजूरही रोज हेच गणित करतो. "काल साठ उभे होते, ठेकेदाराने वीस नेले, आज आणखी तासभर थांबू" असे तो म्हणतो, त्याला समीकरण लिहिता येत नाही इतकेच.

पुढे १९८५ च्या सुमारास स्टार्क आणि ब्लूम यांनी निराळा विचार पुढे आणला. जाण्याचा निर्णय एकट्या माणसाचा नसतो, घराचा असतो. पीक बुडाले तर शहरातला पैसा हाताशी असावा म्हणून घर एकाला बाहेर पाठविते. हे आम्हास अधिक पटते. कोकणातल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या हेच केले. एक भाऊ मुंबईच्या गिरणीत आणि दुसरा भातशेतीवर. मात्र 'घराने ठरविले' असे कोणी म्हटले की आमच्या मनात प्रश्न येतो, घरातल्या कोणी? हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावावर १९८६ साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थच 'पुरुष मुंबईला, बायका घरी' असा आहे, आणि १९४२ पासून १९८२ पर्यंतचा काळ त्यात घेतलेला आहे. मनीऑर्डर घेणाऱ्या बाईकडे पाहिल्यावाचून मनीऑर्डर पाठविणारा समजत नाही, हे त्या पुस्तकाच्या नावावरूनच कोणाच्याही ध्यानात यावे.

सुगावची बाई घरी राहिली. बीडची बाई घरी राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते आणि नवरा, बायको, लहान मुले, कधी एखादी शेळी, असे सारे बिऱ्हाड ट्रकवर चढते. हे लोक कारखान्यावर पोचले की त्यांची मोजदाद माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते, टनाचा हिशेब कोयत्याचा होतो, आणि वहीत नाव लिहिले जाते ते पुरुषाचे. बाई पहाटे तीनला उठून भाकरी करते, फडात उसाच्या मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीत चढविते, आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. एखाद्या दिवशी ती पडून राहिली तर तो खाडा. खाड्याचा दंड उचलीत मिळविला जातो. म्हणजे बाईच्या अंगाला आलेला ताप नवऱ्याच्या नावावर कर्ज म्हणून चढतो.

आता सरकारी मोजणी पाहा. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात. त्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित ठरले. येण्याचे कारण काय, असा प्रश्न त्यात होता आणि उत्तराचे रकाने ठरलेले होते : काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर, कुटुंबाबरोबर, इतर. एका माणसाचे एकच कारण. फडात दहा-बारा तास राबणाऱ्या बाईला विचारले तर ती काय सांगेल? "धन्याबरोबर आले" असेच सांगेल. झाले, ती 'कुटुंबाबरोबर' या रकान्यात गेली. स्थलांतराचे कारण म्हणून विवाह सांगणाऱ्यांचे प्रमाण देशात निम्म्याच्या जवळपास भरले, ते बहुतेक स्त्रियांमुळे. आणि त्यांतल्या कितीजणी लग्नानंतर मजुरीसाठीच गाव सोडून निघाल्या, हे त्या रकान्यावरून कळण्याचा मार्ग नाही. मोजणाऱ्या शिक्षकाचा यात दोष नाही. तो बिचारा शाळा सांभाळून दारोदार फिरतो. रकानाच तसा आखलेला असतो.

रकाना बदलला की काय दिसते ते २०१९ साली सर्वांनी पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायका लहान वयातच गर्भाशय काढून घेतात, 'पिशवी काढतात', अशा बातम्या त्या वर्षी आल्या. मग विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोडणी करणाऱ्या बायकांना विचारण्यात आले आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनाहून थोडे अधिक होते. वयाचा हिशेब जुळवून घ्यावा लागेल हे आम्ही जाणतो, तरीही ही तफावत वयाने भरून निघणारी नव्हे. पाळीच्या दिवसांत फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि खाडा केला तर दंड आहे. आम्हाला लाज वाटली ती निराळ्याच कारणाने. तळावर आम्ही इतकी वर्षे जात होतो, मजुरीच्या दराचे आंदोलन केले, संप केले. आणि ही गोष्ट आम्हाला वर्तमानपत्रातून कळली. कारण आम्हीही कोयत्यालाच विचारीत होतो, आणि कोयत्याच्या वतीने पुरुष उत्तर देत होता.

यानंतर वर्षाच्या आत टाळेबंदी आली. २४ मार्च २०२० च्या रात्री सारे थांबले. फडात मात्र कोयते चालूच होते, कारण गाळप चालू होते. एक लाखाहून अधिक तोडणी कामगार राज्यात निरनिराळ्या तळांवर अडकले, आणि १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना तपासणी करून गावी परतण्याची परवानगी दिली. त्या तीन आठवड्यांत या गावातल्या पुष्कळांनी तळावर धान्य पोचविले. त्यांच्यापैकी कित्येकजण आज येथे बसले आहेत, म्हणून त्याचे वर्णन करीत नाही. एक अनुभव तेवढा सांगतो. पहिल्या दिवशी आम्ही वही घेऊन गेलो आणि "किती माणसे, किती दिवसांचे धान्य आहे?" असे विचारले. "आहे, चालतंय" एवढेच उत्तर मिळाले. पिठाच्या पिशव्या घेऊन तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बायकाच पुढे आल्या आणि कोणाच्या कोपीत कालपासून चूल पेटली नाही, कोण गरोदर आहे, कोणाचा मुकादम पळून गेला, हे आम्ही न विचारता त्यांनी सांगितले.

याच सुमारास देशभर मोठ्या प्रमाणावर हेच घडत होते. काही प्राध्यापक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांनी अडकलेल्या मजुरांसाठी एक जाळे उभे केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते 'स्वान' या नावाने ओळखले गेले. मजुराचा फोन आला की स्वयंसेवक त्याच्याशी बोलत, जमल्यास थोडे पैसे पाठवीत किंवा जवळच्या धान्याची सोय करीत, आणि जे ऐकले ते टिपून ठेवीत. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी ११,१५९ मजुरांशी झालेल्या बोलण्यावरून अहवाल प्रसिद्ध केला. १०० पैकी ९६ जणांना सरकारी शिधा मिळाला नव्हता, आणि ८९ जणांना मालकांनी टाळेबंदीतली मजुरी दिली नव्हती. एखादा काटेकोर संख्याशास्त्री म्हणेल की, ही नमुना पाहणी नव्हे. जो अडला त्यानेच फोन केला. हा आक्षेप खरा आहे, तो ध्यानात ठेवूनच आकडे वाचले पाहिजेत. परंतु ज्या आठवड्यात सरकारपाशी काहीच आकडा नव्हता त्या आठवड्यात ही अकरा हजार माणसांची वही होती. ती तयार झाली, कारण विचारणाऱ्याने आधी "जेवलात का?" असे विचारले होते.

८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून रूळांच्या कडेने मध्य प्रदेशाकडे निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली मेले. थकून रूळांवरच झोपले होते. ती बातमी आपण सर्वांनी वाचली. त्या सप्टेंबरात संसदेत प्रश्न विचारला गेला की, घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? श्रम मंत्रालयाने उत्तर दिले की अशी माहिती ठेवलेली नाही. परतलेल्यांची संख्या मात्र त्याच वेळी दिली गेली, १ कोटी ४ लाखांहून अधिक. काही स्वतंत्र अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्या एकेक गोळा करून टाळेबंदीमुळे, रोगाने नव्हे, झालेल्या मृत्यूंची यादी केली होती. ती नऊशेच्या पुढे गेली. त्या कामाचे त्यांना कोणी पैसे दिले नव्हते. संघटनेच्या माणसाला हे कळते की, नोंद नसली म्हणजे भरपाईचा अर्जसुद्धा करता येत नाही. कामगार नुकसानभरपाईच्या प्रकरणात हजेरीपट नसला की काय होते, ते आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून पुष्कळदा अनुभवले आहे.

'स्वयंसेवक' म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बिल्ला लावलेला तरुण येतो. परदेशांत तर स्वयंसेवेचा अर्थ पुष्कळ काळ श्रीमंत देशातून गरीब देशात जाणारा असाच होता; अमेरिकेने १९६१ साली काढलेल्या 'पीस कोअर'चे तरुण १९७६ पर्यंत आपल्याकडेही येत होते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाने २०१८ साली जो अहवाल काढला त्याने ही समजूत बरीच हलविली. जगातल्या स्वयंसेवेचे तास मोजले तर ते सुमारे १०.९ कोटी पूर्णवेळ कामगारांच्या कामाइतके भरतात, आणि त्यातले शंभरात सत्तर काम कोणत्याही संस्थेमार्फत होत नाही. शेजारी शेजाऱ्यासाठी करतो. त्या कामात बायका अधिक. त्याआधी २०१३ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने असे ठरविले होते की, बिनमोबदला स्वयंसेवा हेही 'काम' म्हणून मोजावे. तळावर ज्या बाईने स्वतःच्या पिठातून शेजारच्या कोपीतल्या बाळंतिणीला भाकरी दिली, तिची गणना आता निदान शास्त्रात तरी होऊ शकते. आमच्या वाटप-पत्रकात मात्र ती 'लाभार्थी' होती, आणि स्वयंसेवक म्हणून आमचे नाव होते.

आपल्या पूर्वजांना हे नवे नव्हते. मुंबईत गिरणगावात एकेका खोलीत एकेका गावची माणसे राहत, आणि त्यांतून गावोगावची ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. वर्गणी काढून त्यांनी गावी शाळा बांधली, पाखाडी बांधली, देवळाचे छप्पर घातले. मेक्सिकोतल्या झाकातेकास प्रांतातून अमेरिकेत गेलेल्या मजुरांनी असेच गाववार क्लब काढले. तेथल्या सरकारने त्याची दखल घेतली. १९९९ पासून मजुरांच्या एका डॉलरमागे केंद्र, प्रांत आणि नगरपालिका यांनी प्रत्येकी एक डॉलर घालावा अशी योजना तेथे सुरू झाली आणि २००२ पासून ती देशभर गेली. विद्वानांनी तिचा कसून अभ्यास केला आणि तिचे एक व्यंगही दाखविले. ज्या गावांचे क्लब मजबूत त्यांना रस्ते मिळाले. सर्वांत गरीब गावांतून परदेशी जाण्याइतकेही बळ नव्हते, तेथे क्लब नव्हता आणि रस्ताही आला नाही. आपल्या मंडळांचा असा कसून अभ्यास झाला असता तर आपल्यालाही बोचणारे काही निघाले असते. वर्गणी देणाऱ्या भावकीच्या वाडीला पाखाडी झाली आणि गावकुसाबाहेरच्या वाडीला झाली नाही, अशी गावे आम्हास माहीत आहेत.

येथे केरळचा उल्लेख करतो, कारण तेथे आम्हास आवडणारे एक काम झाले आहे. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातील झकारिया आणि इरुदय राजन यांनी १९९८ साली सुमारे दहा हजार घरांची पाहणी केली. केरळातून परदेशी गेलेले १३ लाखांहून अधिक लोक आहेत, असा अंदाज निघाला. गेलेल्यांबरोबर त्यांनी परत आलेल्यांनाही मोजले, ते सात लाखांहून अधिक. आणि नवरा बाहेर असलेल्या बायकांनाही मोजले. मुख्य म्हणजे ते तेथे थांबले नाहीत. २००३, २००८, २०१३, २०१८, २०२३ अशी ही पाहणी पुन्हा पुन्हा झाली. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण गुजरातेत आले, पुढे बार्डोलीच्या कारखान्यावर खानदेशातून जाणाऱ्या तोडणी कामगारांवर त्यांनी लिहिले, आणि त्याच टापूत ते कित्येक दशके परत परत जात राहिले. एकदाच येणाऱ्याला माणूस पंधरा हजार सांगतो. पुन्हा येईल असा भरवसा वाटला, तर कदाचित अकरा सांगेल.

२०२१ ची जनगणना झाली नाही; ती २०२७ साली घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले आहे. तिचे रकाने आम्हास आखता येणार नाहीत. आमच्या हातात आमची वही आहे. २०२० च्या हंगामापासून आम्ही तीत प्रत्येक कोयत्याला दोन ओळी देतो, एक पुरुषाची आणि एक बाईची. बाईची ओळ बाईनेच विचारून भरावी, मुकादम जवळ नसताना, आणि हंगाम संपताना टोळी निघण्याआधी प्रत्येकाला त्याची ओळ वाचून दाखवावी, असा रिवाज ठेवला आहे. पहिल्या वर्षी निम्म्या ओळी कोऱ्या राहिल्या. बायका "त्यांनाच विचारा" म्हणत. गेल्या हंगामात एकीने आपली ओळ ऐकून सांगितले, "मागल्या खेपेला पाच दिवस खाडा लिहिलाय, तो खाडा नव्हं, मी बाळंत झाले हुते. तसं ल्हा." तसे लिहिले, आणि ते दाखवून मुकादमाकडून पाच दिवसांचा दंड कमी करून घेतला. पूर्ण माफ झाला नाही.

टोळ्या आता आपापल्या गावी परतल्या आहेत, आणि वह्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. कोणा विद्यार्थ्याला त्या अभ्यासावयाच्या असतील तर नावे झाकून पाहावयास देऊ. अट एकच की जे लिहाल ते दिवाळीनंतर तळावर येऊन वाचून दाखवावे. आणि विचारणाऱ्या बायका आमच्याकडे सध्या तिघीच आहेत, तळ मात्र पाच आहेत. ज्या भगिनींना संध्याकाळचे दोन तास काढता येतील त्यांनी व्याख्यान संपल्यावर आमच्याकडे नाव द्यावे.